चार नंबरची पाचर

बाबा, उद्या सकाळी सात वाजता आमच्या कारखान्यात प्रेस नंबर तीनवर एक बाई कामाला बसेल, आणि तिच्या बोटांच्या भीतीने आत्ता रात्री मला ताट वाढून घ्यायचंही सुचत नाहीये. कुकर तीन शिट्ट्या होऊन गार पडलाय. जेसल पार्कच्या या घराला खूप उजेड आहे, तुम्हाला आवडला असता, पण तुम्ही ते बघायला थांबला नाहीत. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दोन ओळी लिहायची बुद्धी झाली नाही, आणि आज लिहायला बसले तर प्रेस मशीनबद्दल लिहितेय. तुम्ही म्हणाला असतात, दुसरं काही नाही का गं बोलायला? नाही बाबा. आपल्या दोघांत खरं बोलायचं राहिलंय ते तेवढंच.

तुम्हाला प्रेस समजावून सांगायची म्हणजे कमालच. पण नव्या मुलींना ट्रेनिंगमध्ये सांगते तसं लिहून काढते, म्हणजे हात जरा चालता होईल. प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा खाली येतो आणि पत्र्याची वाटी होते. दोन्ही हात बटणांवर असले की ते ठोकळ्याखाली असू शकत नाहीत, सगळी सुरक्षा ती एवढीच. एका बटणाच्या फटीत लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलं, की एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो. काम पळतं. फक्त त्या हाताची बोटं दिवसभर ठोकळ्याखाली जाऊन परत येत राहतात, आणि एक दिवस येत नाहीत. हे मी पडद्यावर चित्रं दाखवून सांगते. माझ्या चित्रातली पाचर लाल आहे आणि तिच्यावर फुली आहे. तुमच्या पाचरी तशा नव्हत्या. तुमच्या बाभळीच्या होत्या, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेल्या, प्रत्येकीवर खिळ्याने नंबर कोरलेला, एक ते सहा. तुम्ही स्टीलच्या डब्यांच्या गाळ्यातले मिस्त्री. तुमच्या हातची पाचर कधी सुटली नाही, हे सांगताना तुमची मान जरा वर जायची.

मला त्या पाचरी तुमच्या डब्यामुळे माहीत. नवघरच्या चाळीत संध्याकाळी तुम्ही आलात की डबा मोरीत नेऊन ठेवायचं काम माझं होतं. एरवी तो हलका यायचा. पण अधूनमधून जड यायचा, आतून खडखडायचा, आणि तुम्ही तो माझ्या हातात न देता स्वतः फळीवर ठेवायचात. उद्या तपासणीचे साहेब येणार आहेत, एवढंच आईला सांगायचात. आई चौकच्या कोळीण मावशीकडून घेतलेले बोंबील साफ करताना फक्त मान हलवायची. तपासणीच्या दिवशी गाळा एकदम कायद्याने चालायचा, सहाही पाचरी आपल्या घरात फडक्यात गुंडाळून निजलेल्या असायच्या. त्या काळी नियम पाळणं म्हणजे नेमकं काय, ते आपल्या घरात एका फळीवर मावत होतं. साहेब जायचे, दुसऱ्या सकाळी पाचरी डब्यात बसून परत कामावर. आणि मधला एक दिवस त्या माझ्या. फळीवर हात पुरत नसे, मी पाटावर पाट ठेवून चढायची आणि त्यांची घरं बांधायची. तेलाचा वास यायचा. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही रागावलात, पण फार नाही. म्हणालात, ते खेळणं नाही, हातपाय आहेत ते सहा माणसांचे. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

चार नंबरची पाचर मी घेतली, बाबा. हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं ते मला कधी कळलं नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकते. तिच्यावर एक गाठ होती, डोळ्यासारखी, आणि माझ्या बाहुलीला उशी नव्हती. मी दहा वर्षांची. सकाळी तुम्ही ओट्यापाशी उभे राहून डब्यात पाचरी मोजताय, पाच भरताहेत. तुम्ही परत मोजता. मग माझ्याकडे वळून विचारता, यातली एक तू घेतलीस का? मी नाही म्हणते. पाचर माझ्या फ्रॉकच्या खिशात आहे, मांडीला टोचतेय. तुम्हाला उशीर होतोय. तुम्ही डब्याच्या झाकणावर नेहमीसारखी दोनदा टिचकी मारता आणि निघता. तुमचा डावा हात धड दिसला तो तेव्हा शेवटचा.

दुपारी गाळ्यातले एक काका घरी आले. मी शाळेतून नुकतीच आले होते आणि ओट्याखाली बसले होते. ते आईला म्हणाले, "वहिनी, चार नंबरची पाचर गावलीच नाय, तिथला माणूस दोन हातानी मागं पडला. शेट फेऱ्या मारत व्हता, म्हनून मिस्त्री स्वतः बसले." तुम्ही बटण सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलं होतं. प्रेसवर बसायची तुमची सवय मोडून बरीच वर्षं झाली होती. काका म्हणाले, धा मिनटं पन झाली नसतील. डाव्या हाताची दोन बोटं.

चार दिवसांनी तुम्ही हाताला पांढरं गाठोडं बांधून स्वयंपाकघरात बसलात आणि मला वही-पेन आणायला सांगितलंत, कारण माझं अक्षर चांगलं. शेटच्या मॅनेजरला एक कागद हवा होता. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले. पहिल्याच ओळीत मी लिहिलं, कारखान्यात काम करताना. तुम्ही कागद ओढून घेतलात आणि फाडलात. घरी पाण्याच्या मोटारीच्या पट्ट्यात बोटं अडकली, असं लिही. मी म्हटलं, बाबा, आपल्याकडे मोटार कुठे आहे? आपण तर नळावरून पाणी भरतो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "जसं सांगतो तसं लिही. नोकरी राहिली पाहिजे." आई गॅससमोर पाठ करून उभी होती, तिची पाठ सुद्धा हलली नाही. मी सुंदर अक्षरात लिहिलं. तुमची नोकरी राहिली, मशीनवरून उठवून तुम्हाला स्टोअरच्या दारात स्टुलावर बसवलं. आज माझ्या टेबलावर महिन्याला दहाबारा रिपोर्ट असतात. माझा पहिला रिपोर्ट तो.

तुम्ही त्याचं भांडवल कधी केलं नाहीत. उलट चेष्टाच. मला पाढे शिकवताना म्हणायचात, माझं गणित आठात संपतं, पुढचं मास्तरांना विचार. चहाचा ग्लास तीन बोटांत धरायचात आणि सांडायचा नाहीत. मी इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा करते म्हटलं तेव्हा तुम्ही हातातला ग्लास खाली ठेवलात. मला वाटलं, आता पाचरीचं विचारणार. तुम्ही विचारलंत, नोकरी लागेल ना? आणि लागली तेव्हा स्टोअरमधून एक डबा आणलात, दोन खणांचा, तुमच्याच गाळ्यात बनलेला, आणि मशीनवर न देता स्वतः बसून त्याच्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी माझं नाव घातलंत. डाव्या हाताने डबा घट्ट धरता येत नव्हता, म्हणून शेवटचं अक्षर घसरलंय. इतकी वर्षं मी तोच डबा नेते. ऑफिसमधल्या मुली हसतात, मॅडमचा अँटिक डबा म्हणतात. हसू देत.

आता माझ्या नोकरीचं ऐका. तुम्हाला वाटेल पोरगी मोठी साहेबीण झाली. झालेच आहे तशी. भाईंदर पूर्वेलाच, तुमच्या गाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर, स्टीलची भांडी परदेशात पाठवणारी कंपनी. माझ्या दारावर कॉम्प्लायन्स अशी पाटी आहे, म्हणजे नियम पाळले जातात ना ते मी बघायचं. तुमच्या वेळी साहेब यायचे, आता आचारसंहिता येते, बत्तीस पानांची, आणि प्रत्येकाने मोबाईलवर तिच्याखाली 'वाचलं आणि समजलं' दाबायचं असतं. सगळे दाबतात, काही जण तर माझ्यासमोर न वाचता दाबतात आणि माझ्याकडे बघून हसतात. सेफ्टीच्या दिवशी उजवा हात पुढे करून शपथ असते. जिन्यापाशी तक्रारीच्या फोनचा नंबर हिंदी, मराठी, गुजरातीत लावलाय, नाव सांगायची गरज नाही असं ठळक लिहिलंय. तो फोन माझ्या टेबलावर वाजतो. आजवर त्यावर संडासाची कडी आणि कँटीनच्या डाळीच्याच तक्रारी आल्या. मी उचलून हॅलो म्हटलं की पलीकडचा माणूस आवाज ओळखतो, मग डाळीवर येतो. पण सगळंच नाटक आहे असं नाही, बाबा. मी भांडून प्रेस नंबर एक आणि दोनला सेन्सर बसवून घेतलेत, हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. ते पहिल्यांदा थांबलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तीन नंबर जुना आहे, त्याचा सेन्सर पुढच्या वेळी, असं दोन वर्षं चाललंय.

आज परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. सकाळी साडेनऊला मी एकदा शेवटची फेरी मारली आणि तीन नंबरच्या डाव्या बटणात पाचर दिसली. फर्निचरच्या पट्टीचा तुकडा, कडा तासलेल्या. हे काम कुणाचं म्हणून विचारायची गरज नव्हती. तिथे बसणारी बाई परभणीकडची आहे, नवघरलाच राहते, आपल्या जुन्या चाळीच्या मागे आता ज्या बिल्डिंगी झाल्यात तिथे. कामाला वाघ. भाचीच्या लग्नाहून परवाच आली, दोन्ही हातांच्या बोटांना मेंदी, अजून गडद. मी काही म्हणायच्या आत तीच बोलली, "मॅडम, दोन हातानं केलं तर आकडा होत नाही. तुमालाबी माहितीय की." मला माहीत होतं, बाबा. तासाला किती नग काढायचे तो आकडा कारखान्याच्या साहेबांनी ठरवलाय, आणि तो ठरवताना कुणी दोन हात मोजले नव्हते. हे मी मागच्या वर्षी लिहून दिलं होतं. त्यावर उत्तर आलं होतं, नोंद घेतली.

तेवढ्यात प्लँटचे साहेब आले. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, वाईट माणूस नाही, घाबरलेला आहे. त्यांना पाचर दिसली, आणि मला ती दिसलीय हेही दिसलं. म्हणाले, "मॅडम, एक शेरा आला ना, ऑर्डर गेली. ये सब लोग घर बैठेंगे. आत्ता तेवढं क्लीन करा, बाकी आपण नंतर बसून बघू." गेटवर गाडीचा हॉर्न वाजला. मी पाचर उपटली. ती हातात घेऊन उभी राहिले तर ठेवायचं कुठे तेच सुचेना, ड्रेसला खिसा नाही, आणि जिन्यावर बुटांचे आवाज. मी टेबलाकडे गेले, डबा उघडला, वरच्या खणातल्या पोळ्यांवर ती ठेवली आणि झाकण लावलं. लावल्यावर माझं बोट आपोआप झाकणावर दोनदा वाजलं. तुमच्यासारखं. तेव्हा जी भीती वाटली ती नोकरीची नव्हती, ऑडिटची नव्हती. माझ्याच हाताची वाटली.

ऑडिटला आलेली मुलगी तिशीची असेल, मराठीच, हसतमुख, हातात टॅब. सगळं बघितलं, पोस्टर बघितली, एक आणि दोन नंबरचं कौतुक केलं. तीन नंबरवर ती बाई दोन्ही बटणं दोन्ही हातांनी दाबत होती, शाळेत कवायत करावी तशी. मग त्या मुलीने मला विचारलं, कुठल्या मशीनची सुरक्षा बंद केलेली तुमच्या पाहण्यात आली आहे का? तिचा प्रश्न संपायच्या आधी माझं नाही बाहेर पडलं. अगदी सहज, तेव्हा पडलं होतं तसंच. तिने टॅबवर बोट ठेवलं, मी खाली सही केली, साहेबांचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांना पेढे आले. माझ्या समोरचा पेढा मी कागदात गुंडाळून ठेवला.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती बाई माझ्या टेबलापाशी आली. पदराला हात पुसत हळूच म्हणाली, "मॅडम, माझी पाचर द्या की. सकाळचं सगळं मागं पडलंय." मी म्हटलं, नाही लावायची ती. तर म्हणाली, "असू द्या मग. बघते काईतरी, ट्यूब न्हायतर दोरी बांधते." बाबा, ट्यूब म्हणाली ती. माझ्यासमोर तुम्ही उभे होतात, पाच पाचरी मोजत, आणि एक कमी भरत होती. त्यावर मी काय केलं ते शेवटी लिहिते. आत्ता हात वळत नाहीये.

तुमचा राग आला मला आज. हे लिहू का नको असं झालं, पण लिहिते. एवढ्या सुंदर पाचरी बनवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? त्या सुटल्या असत्या, ओबडधोबड असत्या, तर माणसं दोन हातांनी काम करायला लागली असती आणि शेटला आकडा खाली आणावा लागला असता. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी पाचर चोरली म्हणून तुमची बोटं गेली. डिप्लोमात शिकले की बोटं पाचरीने जातात, पाचर नसल्याने नाही. पेपरात तसं लिहून पहिला नंबर मिळवला. पण अंगातून ते दहा वर्षांचं पोर जात नाही, त्याचा हिशोब उलटाच आहे. आणि खरं सांगायचं तर त्याचंही चूक नाही. पाचर मिळाली असती तर तुम्ही बसला नसतात. तिथे नेहमीचा माणूस बसला असता, आणि कधीतरी त्याची बोटं गेली असती, आणि त्याच्या मुलीने मोटारीचं खोटं लिहिलं असतं. मला हे नीट समजतं आणि तरीही गेलेली बोटं तुमची नकोत, त्याची चालतील असं वाटतं. कॉम्प्लायन्सची मॅडम असा विचार करते हे कुणाला सांगू?

सहा वाजता घरी यायच्या आधी मी रिपोर्ट लिहिला. तीन नंबरवर पाचर होती, ती मी काढली, माझ्या डब्यात लपवली, ऑडिटमध्ये नाही असं खोटं सांगितलं, त्या बाईचा दोष नाही, आकड्याचा आहे, सेन्सर बसेपर्यंत मशीन बंद ठेवावं. पहिल्या ओळीत लिहिलं, कारखान्यात काम करताना. ते शब्द टाईप करताना मान मागे वळली, कुणी कागद ओढतंय का बघायला. साहेबांना पाठवला आणि ऑडिटच्या मुलीलाही. पाठवून तीन तास होतील आता. साहेबांचे सात फोन आले, मी एकही उचलला नाही. उद्या तीन नंबर बंद असेल की माझी खुर्ची रिकामी असेल, मला ठाऊक नाही. ऑर्डर गेली तर त्या बाईचंही काम जाईल, आणि ती मला शिव्या घालेल, आणि तिचं चुकणार नाही. मी सकाळी साडेसहालाच जाऊन तीन नंबरसमोर उभी राहणार आहे. मशीन चालू केलंच तर काय करणार, ते अजून सुचलेलं नाही.

एक गोष्ट मी रिपोर्टात लिहिलेली नाही. ती ट्यूब म्हणाली तेव्हा मी डबा उघडला आणि पाचर माझ्या हाताने तिला परत दिली. वर म्हटलं, सांभाळून हं. मग हातात फाईल धरून साडेतीनपर्यंत तीन नंबरशेजारी उभी राहिले, तिला वाटलं मी काही तपासतेय. ठोकळा खाली आला की मी डोळे मिटत होते. पाळी सुटल्यावर ती नळावर हात धुवायला गेली, तिच्या मागे मीही गेले, आणि ती साबण लावत असताना मी तिची बोटं मोजली. दहा होती. तेवढं मोजूनच टेबलाशी येऊन तो रिपोर्ट लिहायला घेतला, बाबा, आधी नाही. हा कागद आता डब्याच्या खालच्या खणात ठेवते. तिथे चार नंबरची पाचर आहे, एवढी वर्षं तिथेच आहे, आणि मी रोज तिच्यावर भाजीची वाटी ठेवून जेवते.